रेकॉर्डची जवारी

गाणं ऐकणारी चार माणसं एकत्र बसवा आणि हळूच विचारा, ‘काय हो, रेकॉर्डचा आवाज गोड की सीडीचा?’ पुढ्यातला चहा निवून जाईल, पण वाद निवणार नाही. एक जण म्हणेल, रेकॉर्डमध्ये ऊब आहे, जीव आहे. डिजिटल म्हणजे नुसते आकडे, त्यात कसलं आलंय गाणं! दुसरा म्हणेल, अहो, खरखर ऐकायची हौस असेल तर खुशाल ऐका तुमची रेकॉर्ड. मी स्वतः चाळीस वर्षं पहिल्या पक्षात होतो. नुसता होतो असं नाही, तर तावातावानं होतो. त्या हट्टाची पुढे मला किंमत मोजावी लागली. ती कशी, ते सांगणारच आहे. पण त्याआधी या वादाचा थोडा इतिहास पाहू. कारण हा वाद आपल्याला वाटतो तितका नवा नाही. तो तबकडीइतकाच जुना आहे.

आमचं घर सांगलीच्या गावभागातलं. वडील एका पेढीवर कारकून. पगार बेताचा, पण गाण्याचं वेड बेताचं नव्हतं. शेजारीच मिरज. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचं गाव आणि तंबोरे करणाऱ्या कारागिरांचं गाव. वडील सायकलीवरून मिरजेला गाणं ऐकायला जायचे आणि येताना कधीतरी एखादी जुनी रेकॉर्ड कापडात गुंडाळून आणायचे. त्यांच्यामागे माझ्याकडे जो ठेवा आला, त्यात सुमारे तीनशे जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि दीडशेच्या आसपास एल. पी. होत्या. कपाट एक, आणि त्यात जपलेलं साठ वर्षांचं गाणं.

ही ७८ फेऱ्यांची तबकडी मुळात आहे काय? एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. त्याच्या दहा वर्षं आधी, १८७७ मध्ये, एडिसन यांनी नळकांड्यावर आवाज उमटवून दाखवला होता. बर्लिनरनी नळकांड्याची थाळी केली. थाळीचे साच्यातून हजारो छाप काढता येतात, आणि गाण्याचा बाजार उभा राहिला तो त्यामुळे. ही थाळी लाखेची असे. लाख म्हणजे आपल्याच जंगलातल्या झाडांवर किडे जी तयार करतात ती. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळायची, तापवायची आणि साच्यात दाबायची. गंमत पाहा, आपली लाख जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायची आणि आपल्याच माणसांचा आवाज अंगावर घेऊन परत यायची. कलकत्त्याला तबकड्या छापणारा कारखाना निघाला तो १९०८ साली.

आवाज घ्यायला फ्रेड गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस १९०२ मध्ये कलकत्त्याला आला. गौहर जान त्याच्या कर्ण्यासमोर गायल्या. गाणं संपलं, की त्या इंग्रजीत आपलं नाव मोठ्यानं सांगत. तो मिरवण्याचा प्रकार नव्हता. साचे परदेशी जाणार, तिथल्या कारागिराला कुठली थाळी कुणाची हे कळायचं कसं? म्हणून आवाजानंच आपली ओळख सांगायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती माझ्याच घरात उपयोगी पडली.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. अगदी बारीक सूर आणि खोल खर्ज, दोन्ही वाटेतच गळायचे. तंबोरा तर जवळपास नाहीसाच व्हायचा. त्यात दहा इंची तबकडीवर वेळ मिळे जेमतेम तीन मिनिटं. ज्या रागाची नुसती आलापी अर्धा तास चालायची, तो राग तीन मिनिटांत बसवायचा. शिवाय ७८ हा आकडा नंतर ठरला. सुरुवातीला थाळ्या सत्तर-ऐंशीच्या आसपास वेगवेगळ्या वेगांनी मुद्रित होत. ७४ फेऱ्यांनी घेतलेली थाळी ७८ वर लावली, की काळी एकमध्ये गायलेलं गाणं जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. आपण म्हणतो, काय चढा आवाज हो त्या बाईंचा! तो बाईंचा असतोच असं नाही, थोडा यंत्राचाही असतो.

हे सगळं आज आपल्याला केविलवाणं वाटतं. पण तेव्हाच्या माणसांना कसं वाटत होतं?

इथे अमेरिकेत घडलेला एक किस्सा सांगितला पाहिजे. १९१५ पासून पुढे दहा वर्षं एडिसन यांच्या कंपनीनं गावोगावी एक प्रयोग केला. रंगमंचावर गायिका उभी करायची आणि तिच्या शेजारी ग्रामोफोन ठेवायचा. गाता गाता दिवे घालवायचे. थोड्या वेळानं दिवे लागले, की लोक पाहतात तो गायिका गेलेली आणि ग्रामोफोन गातो आहे! १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हा प्रयोग झाला. माणूस कधी थांबला आणि यंत्र कधी सुरू झालं, हे आपल्याला कळलं नाही, असं श्रोत्यांनी सांगितल्याच्या बातम्या छापून येत. आज ती तबकडी ऐकली, तर लहान मूलसुद्धा फरक सांगेल. मग ती माणसं काय बहिरी होती? मुळीच नाही. एक तर गायिका निवडून घेतलेल्या असत. अ‍ॅना केस या त्यांतल्याच एक. यंत्राच्या बेतानंच आपण आवाज लावत होतो, असं त्यांनी पुढे उतारवयात सांगितलं. आणि दुसरं कारण असं, की त्या श्रोत्यांनी तोवर याहून चांगलं यंत्र ऐकलेलंच नव्हतं. कान नेहमी शेजारच्या गोष्टीशी तुलना करतो. त्याच्याकडे सोन्याची कसोटी नसते, सवयीची असते.

पुढे १९२५ मध्ये मायक्रोफोन आला, विजेवर मुद्रण होऊ लागलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्यांत त्यांचा तो हळुवार लागणारा सूर आपल्याला ऐकू येतो, तो या मायक्रोफोनच्या कृपेनं. मग जून १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं एल. पी. आणली. लाख गेली आणि विनाइल नावाचं प्लॅस्टिक आलं, फेऱ्या ७८ वरून सव्वातेहतीसच्या आसपास, नेमकं सांगायचं तर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांशावर आल्या आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. आपल्या गाण्याच्या दृष्टीनं मी या घटनेला आवाजाच्या गोडव्यापेक्षा मोठं मानतो. १९५५ साली उस्ताद अली अकबर खाँ यांनी न्यूयॉर्कमध्ये सरोदवादनाची एल. पी. मुद्रित केली. हिंदुस्तानी संगीताची ही पहिली एल. पी. मानली जाते. एका बाजूला एक राग, सलग. पन्नास वर्षांनी रागाला प्रथमच पाय पसरायला जागा मिळाली.

परंतु एल. पी.ची एक खोड आहे आणि ती आपल्या गाण्याला नेमकी नडते. थाळी एकाच गतीनं फिरते, पण बाहेरचं वर्तुळ मोठं आणि आतलं लहान. त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर रेघ सरकते, तर आत लेबलाजवळ जेमतेम वीस. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. साहजिकच आत येता येता आवाज घुसमटतो, फाटतो. आता ख्यालाची मांडणी आठवा. सुरुवातीला संथ आलाप आणि शेवटी द्रुत, ताना, तिहाया. जिथे गाणं पेटतं, नेमकी तिथेच थाळी कमजोर पडते! आणखी एक. थाळीचं भोक केसभर जरी मध्यापासून सरकलेलं असलं, तरी प्रत्येक फेरीला, म्हणजे दर एक पूर्णांक आठ दशांश सेकंदाला, सूर किंचित वर-खाली झुलतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते एक वेळ खपून जाईल. तंबोऱ्याचा षड्ज झुलायला लागला तर कसं व्हायचं?

आपल्याकडे रेकॉर्डला संपवलं ते सीडीनं नव्हे, कॅसेटनं. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, गल्लोगल्ली मिळू लागली, आणि फोनो माळ्यावर गेले. माळ्यावरून मग भंगारात. सीडी बाजारात आली ती ऑक्टोबर १९८२ मध्ये, जपानात. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ती घडवली. तिच्यात रेघ नसते, असतात ते आकडे. आवाजाची लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर टिपून ठेवायचं.

इथेच आम्हा रेकॉर्डवाल्यांचा मुख्य आक्षेप. लहर अखंड आहे, तुम्ही तिचे तुकडे केलेत. दोन मापांच्या मधे जे होतं ते हरवलं. तोच गाण्याचा जीव! ऐकायला हे फार पटतं. मीही कित्येकांना पटवलं आहे. पण ते खरं नाही. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये ज्या विचाराचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये जो सिद्ध करून मांडला, तो गणिताचा नियम असा, की एखाद्या आवाजात जी सर्वांत मोठी कंपनसंख्या आहे, तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजलं, तर मूळ लहर त्या मापांतून पुन्हा अखंड उभी करता येते. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सेकंदाला वीस हजार कंपनांच्या आसपास, तीही तरुणपणी. साठी उलटलेल्या माझ्यासारख्याची त्याहून बरीच खाली. वीस हजाराची दुप्पट चाळीस हजार. सीडी मोजते ४४,१००. यंत्रातून बाहेर येते ती जिना नसलेली, गुळगुळीत लहरच. शिवाय अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज यांतलं जे अंतर पकडता येतं, तेही सीडीवर एल. पी.पेक्षा बरंच जास्त.

मग ‘सीडी कोरडी वाटते’ असं म्हणणारे सगळे खोटं बोलत होते का? नाही, आणि त्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. सुरुवातीच्या कित्येक सीडी, एल. पी.साठी तयार केलेल्या टेपांवरूनच घाईघाईनं काढल्या गेल्या. रेकॉर्डच्या गरजेनुसार सूर जिथे उचललेले, तिथे ते सीडीवर टोचू लागले. पुढे, १९९० नंतर, प्रत्येक कंपनीला आपलं गाणं शेजारच्या गाण्याहून मोठं वाजायला हवं झालं. हळू जागा वर ओढायच्या, मोठ्या जागा दाबायच्या आणि सगळं एका पातळीवर आणून धडाडत सोडायचं. मेटॅलिका या अमेरिकी वाद्यमेळाची २००८ सालची ‘डेथ मॅग्नेटिक’ ही सीडी त्यासाठी गाजली. श्रोत्यांनीच तक्रारी केल्या. एल. पी.च्या रेघेत असा धुडगूस इतका घालता येत नाही, सुई उडेल. म्हणून एकाच गाण्याची एल. पी. सीडीपेक्षा खरोखर चांगली निघाली, असं अनेकदा घडलं. पण दोष सीडीचा नव्हता, ती भरणाऱ्या हातांचा होता. भांडं मोठं मिळालं म्हणून कुणी त्यात मीठ जास्त टाकलं, तर भांड्याला कसा बोल लावणार?

आता माझ्या घरातली गोष्ट. माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. २०१६ च्या दिवाळीत तो आला आणि म्हणाला, “काका, तुमच्या एल. पी. मी संगणकात उतरवून ठेवतो. झिजणार नाहीत.” मी म्हटलं, “उतरव बाबा, पण तो फोटो झाला. माणूस वेगळा, फोटो वेगळा.” त्यानं वाद घातला नाही. चार दिवसांनी म्हणाला, “काका, भिंतीकडे तोंड करून बसा.” पंडित भीमसेन जोशींची एक एल. पी. त्यानं लावली. कधी सुईवरून, कधी त्याच एल. पी.ची संगणकातली नक्कल. आवाजाची पातळी त्यानं आधीच मोजून सारखी केली होती. ते महत्त्वाचं असतं, कारण जे किंचित मोठं वाजतं तेच आपल्याला गोड वाटतं. दहा वेळा त्यानं विचारलं, “ही रेकॉर्ड की नक्कल?” मी दर वेळी मोठ्या आत्मविश्वासानं उत्तर दिलं. दहांपैकी पाच बरोबर आली. नाणं उडवलं असतं, तरी तेवढीच आली असती.

मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. पराभवाचं दुःख नव्हतं, पण त्यातून निघणारा अर्थ छळत होता. ज्याला आम्ही रेकॉर्डची ऊब म्हणत होतो, ती त्या नकलेतही जशीच्या तशी होती. खरखरसुद्धा तीच, त्याच जागी. म्हणजे डिजिटलनं काही गाळलं नव्हतं. उलट, ती ऊब ही रेकॉर्डनं घातलेली भर होती. सुई, रेघ, प्लॅस्टिक यांतून जाताना आवाजात मुळात नसलेलं थोडं काही मिसळतं, आणि ते कानाला बरं वाटतं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला जवारी लावतात, तारेखाली सुताचा धागा सरकवतात, तेव्हा तारेचा सपाट आवाज उलगडतो, झणकारतो. तसंच रेकॉर्डही गाण्याला स्वतःची थोडी जवारी लावते. ती आवडण्यात गैर काहीच नाही. मात्र जवारी ही तारेला लावलेली असते; तिच्यावरून समोर बसलेल्या गवयाला पारखायचं नसतं.

पुढे वाचताना कळलं, की या बाबतीत मी एकटाच फसलेलो नाही. अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी एक दीर्घ प्रयोग करून तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. सीडीपेक्षा कितीतरी बारीक मापं घेणारं मुद्रण आणि त्याच मुद्रणाला सीडीच्या मापात बसवलेलं रूप, यांतला फरक ओळखायचा. जाणकार श्रोत्यांनी मिळून ५५४ वेळा उत्तरं दिली, त्यांतली २७६ बरोबर. पुन्हा नाणंच! आणि २०२२ मध्ये तर फारच मोठा फुगा फुटला. तिकडे मोबाइल फिडेलिटी नावाची कंपनी महागड्या एल. पी. काढते. मूळ टेपवरून थेट, मधे आकड्यांचा स्पर्श नाही, अशी त्या तबकड्यांची ख्याती. डिजिटलला नाकं मुरडणारे शौकीन त्या डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, बघा, याला म्हणतात आवाज! त्या वर्षी उघड झालं, की त्यांतल्या अनेक तबकड्या मधे डिजिटल रूप देऊनच तयार होत होत्या, तेही २०११ पासून. अकरा वर्षांत हे कुणाच्याही कानानं पकडलं नव्हतं.

तरी शौक आटला नाही. त्याच २०२२ साली अमेरिकेत ४ कोटी १० लाख एल. पी. विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. एल. पी. सीडीच्या पुढे जाण्याची १९८७ नंतरची ती पहिली वेळ. मला यात विसंगती वाटत नाही. मी आजही रेकॉर्ड लावतो. ती कपाटातून काढायची, कापडानं पुसायची, सुई हलकेच टेकवायची आणि मग वीस मिनिटं जागचं हलायचं नाही. मोबाइलवर हजार गाणी आहेत, म्हणून एकही पुरतं ऐकलं जात नाही. रेकॉर्ड कानापेक्षा आधी माणसाला बसवते. माझ्या मते तिचा निम्मा गोडवा त्या बसण्यात आहे.

पण हे शहाणपण मला उशिरा आलं. त्या दिवाळीत हरलो, तरी हट्ट पुरता गेला नव्हता. एल. पी. उतरवून झाल्यावर पुतण्या म्हणाला, “आता ७८ च्या घेऊ.” मी म्हटलं, “राहू दे. त्या लाखेच्या थाळ्या ग्रामोफोनवरच ऐकायच्या. त्यांचे आकडे करून काय मिळणार?” तो गप्प बसला. एल. पी.ची नक्कल असलेली हार्ड डिस्क त्यानं मला दिली, मी ती कपाटाच्या खालच्या खणात ठेवली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आमच्याकडे २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. आम्ही सगळं सामान त्या खुणेच्या वर हातभर उचललं आणि नातेवाइकांकडे गेलो. पाणी ती खूण ओलांडून गेलं. परत आलो, तेव्हा कपाटात चिखल होता. हार्ड डिस्क गेलेलीच होती. एल. पी.च्या पुठ्ठ्यांचा लगदा झाला होता, पण थाळ्या साबणाच्या पाण्यानं धुतल्या आणि बहुतेक वाजल्या. फक्त लेबलं गेली होती. कुठली कुणाची, कळेना. मग पुण्याहून पुतण्यानं त्याच्या संगणकावरची दुसरी प्रत आणली. एकेक थाळी लावायची, प्रतीशी जुळवायची आणि कागदावर नाव लिहून चिकटवायचं, असं आम्ही महिनाभर केलं. गौहर जानची आठवण तेव्हा आली. थाळीवरचं नाव पुसलं जाऊ शकतं, आवाजानंच ओळख द्यावी लागते.

७८ च्या थाळ्यांचं मात्र निभावलं नाही. ओल्या वजनाखाली दबून कित्येक तडकल्या होत्या, काही एकमेकींना चिकटल्या होत्या. मोठ्या नावांच्या थाळ्या इतर संग्राहकांकडे आहेत, त्यांचं गाणं कुठे ना कुठे ऐकायला मिळतं. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेतल्या मंडळींनी असं पुष्कळ वाचवलं आहे. पण वडिलांच्या आवडीची एक थाळी होती. फारसं नाव न झालेल्या एका गायिकेची. वडील ती दर गुरुवारी संध्याकाळी लावायचे. तिचे तीन तुकडे झाले. दुसरी प्रत मला आजवर मिळालेली नाही. एका दुपारचं काम होतं ते, आणि मी ‘आकडे करून काय मिळणार’ म्हणालो होतो.

आपल्या गाण्याचा इतिहास अशा न भरल्या गेलेल्या जागांनी भरलेला आहे. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, अल्लादिया खाँसाहेब १९४६ मध्ये. दोघांच्याही गाण्याची एकही तबकडी आज आपल्यापाशी नाही. त्यांचा आवाज कसा होता, याबद्दल आपण फक्त वाचू शकतो. त्या दोघांची तीन मिनिटं मिळाली, तर ती लाखेवर आहेत की आकड्यांत, हे विचारायला कोण थांबेल?

अल्लादिया खाँसाहेबांच्या एका शिष्येची मात्र वेगळी गोष्ट घडली. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. १९७७ मध्ये अमेरिकेनं ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येकावर मानवजातीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवलेली आहे. तिच्यावर पृथ्वीवरच्या सत्तावीस संगीतरचना आहेत, आणि भारताची एकच. केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. यानातली यंत्रं मोजमापं आकड्यांतच पाठवतात, पण गाणं मात्र साध्या रेघेत कोरलेलं आहे. सोबत सुईही दिली आहे आणि ती कशी टेकवायची याची आकृतीही. ज्यानं आपलं कुठलंच यंत्र पाहिलेलं नाही, त्यालाही रेघेवर सुई धरून काहीतरी ऐकू येईल, म्हणून. त्यांतलं एक यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं.

तीच भैरवी माझ्या मोबाइलमध्येही आहे, आकड्यांत. आता कुणी मला विचारलं, की रेकॉर्ड चांगली की डिजिटल, तर मी सांगतो, खरेपणा म्हणाल तर डिजिटल, जवारी म्हणाल तर रेकॉर्ड. पण तुमच्या घरी जुन्या थाळ्या असतील, आजोबांच्या आवाजाची एखादी कॅसेट असेल, तर हा वाद उद्यावर ठेवा. आधी तिची एक प्रत काढा, आणि ती दुसऱ्या गावी कुणाकडे तरी ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)